सशासाठी कुठल्या बोअरची बंदूक? जरा स्पष्टच बोलू

सुगी आटोपली, रानं मोकळी झाली, थंडी पडली की गावोगावी एक चर्चा हमखास सुरू होते. पारावर, टपरीवर, पोरांच्या ग्रुपवर. "छऱ्याची बंदूक घ्यायचीय. सशासाठी वन सेव्हंटी सेव्हन बरी की टू टू?" एक म्हणतो वन सेव्हंटी सेव्हन घे, सरळ जाते. दुसरा म्हणतो टू टू घे, जागेवर पाडते. तिसरा मोबाईल काढतो आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणाचा तरी व्हिडिओ दाखवतो. दुर्बीण लावलेली चकचकीत बंदूक, हिरवंगार कुरण, एका छऱ्यात आडवा झालेला ससा. झालं, महिन्याभरात गावात दोन बंदुका येतात.

मित्रांनो, आधी उत्तर देऊन टाकतो, मग कारणं सांगतो. महाराष्ट्रातच काय, भारतात कुठेही ससा, तित्तर, लावा मारण्यासाठी कुठल्याच बोअरची बंदूक चालत नाही. .१७७ नाही, .२२ नाही, .२५ तर नाहीच नाही.

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात अशी बंदूक आहे किंवा ज्यांचा पोरगा बंदुकीसाठी मागे लागलाय, त्यांनी पूर्ण वाचा. "शिकार वाईट असते" असं नुसतं म्हटलं की पोरं ऐकत नाहीत. त्यांना बंदुकीतलं कळतं असा त्यांचा समज असतो. म्हणून सुरुवात बंदुकीपासूनच करू.

बोअरचं गणित

बोअर म्हणजे नळीचं भोक. .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर, .२२ म्हणजे ५.५ मिलिमीटर. .१७७ चा शिशाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, तर .२२ चा जवळपास एक ग्रॅमचा. ब्रिटनमध्ये बिनापरवाना एअर रायफलच्या जोराला १२ फूट-पाउंडाची, म्हणजे साधारण १६ ज्यूलची मर्यादा आहे. तेवढाच जोर दोन्ही बंदुकांना दिला, तर .१७७ चा छर्रा सेकंदाला सुमारे २५० मीटरने निघतो आणि .२२ चा १८० च्या आसपास.

आता फरक लक्षात घ्या. हलका छर्रा वेगात जातो, त्यामुळे त्याची वाट सरळ राहते. अंतर पाचदहा मीटर चुकीचं धरलं तरी तो फार खाली पडत नाही. जड छर्रा सावकाश जातो, त्याची वाट कमानीसारखी वाकते, अंतर चुकलं की नेम चुकला. पण .२२ च्या छऱ्याचं तोंड दीडपट मोठं, त्यामुळे लागला की इजा मोठी. म्हणून तिकडे वर्षानुवर्षं हाच वाद चालतो. .१७७ अंतराची चूक पोटात घालते, .२२ जागेची चूक थोडीफार पोटात घालते.

आणि या वादाचा निकाल काय लागतो? जाणता शिकारी सांगतो की बोअर कुठलाही घ्या, छर्रा डोक्यातच लागला पाहिजे. म्हणजे मोठ्या नाण्याएवढी जागा. तीसेक मीटरच्या आत. जनावर स्थिर हवं, हात स्थिर हवा. हे जमत नसेल तर चाप ओढायचा नाही. हवेच्या बंदुकीत काडतुसाची ताकद नसते, ती जनावराला धक्क्याने पाडू शकत नाही. मेंदूत लागला तर ससा मरतो. पोटात, मांडीत, फऱ्यात लागला तर तो पळतो.

हे शेवटचं वाक्य व्हिडिओत दिसत नाही. पळालेला ससा कुणी अपलोड करत नाही.

तिकडचं इकडे का चालत नाही

ब्रिटनमध्ये ससा मूळचा नाही, माणसाने बाहेरून आणलेला. तिथे तो पिकं आणि कुरणं फस्त करतो. करडी खार अमेरिकेतून आली आणि तिने तिथली मूळची तांबडी खार मागे ढकलली. रानकबुतरं धान्यावर तुटून पडतात. म्हणून जमीनमालकाच्या परवानगीने आणि तिथल्या नियमांच्या चौकटीत ही जनावरं मारता येतात. अमेरिकेत खारी-सशांच्या शिकारीला राज्याचा परवाना लागतो, ठरलेला हंगाम असतो, दिवसाला किती मारायचे यावरही बंधन असतं.

आणि तिकडे मोकळं रान आहे असंही समजू नका. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरपासून साधी एअर रायफल बाळगायलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. इंग्लंडमध्ये अठराच्या आतल्या मुलाला एअर रायफल विकता येत नाही, आणि दुकानदाराला गिऱ्हाईक समोर उभं करूनच ती द्यावी लागते.

आता आपल्याकडे या. तिकडे एअर रायफलची नेहमीची शिकार म्हणजे ससा, खार आणि कबूतर. आणि आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोण? शेकरू, म्हणजे खारच. राज्यपक्षी कोण? हरियाल, म्हणजे कबुतराचाच भाऊ. ज्या जातीची जनावरं तिकडे उपद्रवी म्हणून मारतात, त्यांचेच भाऊबंद आपण राज्याची ओळख म्हणून निवडलेत. तिकडची बंदूक, तिकडचा सल्ला, तिकडची हौस उचलून जशीच्या तशी भीमाशंकरच्या किंवा बारामतीच्या रानात आणता येत नाही. जनावरं वेगळी, रान वेगळं, कायदा वेगळा.

कायदा काय म्हणतो

गावातली जुनी माणसं सांगतात, "आमच्या वेळी परवान्यावर शिकार व्हायची." ते खोटं बोलत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. त्यात लहान शिकारीचा परवानाही होता. पण १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. त्याला आता तीस वर्षांहून जास्त काळ झाला. आजोबांची आठवण खरी आहे, पण तिच्यावर आज नातवाला सोडवता येणार नाही.

आजची स्थिती अशी:

१) कलम ९ प्रमाणे संरक्षित वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. ससा, तित्तर, लावा, मोर, घोरपड सगळे त्यात आले.

२) "शिकार" म्हणजे फक्त मारणं नव्हे. कायद्याच्या व्याख्येत जखमी करणं, पकडणं, फास लावणं, अंडी काढणं, इतकंच काय, यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा येतो. "साहेब, लागलाच नाही" हा बचाव होत नाही.

३) २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, म्हणजे मोर किंवा घोरपड, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं, आणि दंड किमान पंचवीस हजार. चारपाच हजाराच्या बंदुकीने घोरपडीवर नेम धरणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलं असतं का?

४) गुन्ह्यात वापरलेली बंदूक जाते, आणि बांधापर्यंत नेलेली मोटारसायकलही जप्त होऊ शकते.

५) "मी रानातलं काही मारत नाही, फक्त भटक्या कुत्र्यांना हाकलतो," असं म्हणणाऱ्यांसाठी: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली कुठलंही जनावर मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग बंदूक राजरोस विकतात कशी?

खरा घोळ इथे आहे आणि त्यात सरकारचा वाटा मोठा आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांच्या वेळी केंद्राने हवेच्या बंदुकांना परवान्यातून सूट दिली. अट अशी की बोअर .१७७ पेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नको आणि जोर २० ज्यूलपेक्षा जास्त नको. .२२ किंवा .२५ बोअरची एअर रायफल या सवलतीत बसत नाही, तिला परवाना लागतो. म्हणजे "टू टू घे, जागेवर पाडते" हा सल्ला ऐकून कुणी चोरवाटेने तसली बंदूक आणली, तर वन खात्याच्या आधी पोलीसच दारात उभे राहतील. आणि जुनी .१७७ ची बंदूक गावातल्या मिस्त्रीकडून स्प्रिंग बदलून "पॉवर वाढवून" घेतली आणि ती २० ज्यूलच्या वर गेली, तर तीही सवलतीबाहेर.

पण सवलतीत बसणारी बंदूक मात्र दुकानात मिळते, ऑनलाइन मागवता येते. घेणाऱ्याचा सरळ समज होतो की बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणजे ती वापरायलाही आडकाठी नाही. एका कायद्याने बंदूक मोकळी केली, दुसऱ्या कायद्याने तिचा रानातला वापर बंद केला, आणि हे दोन कायदे एकाच गिऱ्हाइकाला एकत्र समजावून सांगायची जबाबदारी कुणावरच टाकली नाही. गृह खातं म्हणतं आमचं काम झालं. वन खातं गुन्हा घडल्यावर येतं. मधल्या काळात विशीतलं पोरगं आरोपी होतं आणि ससा मरतो.

सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, मग छऱ्यांच्या डबीवर का नाही? "या बंदुकीने पशुपक्ष्यांवर नेम धरणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे." एवढी एक मराठी ओळ.

"एवढ्याशा बंदुकीने काय होतंय?"

होतं ते असं. कायद्याने मिळणारी बंदूक .१७७ ची, जास्तीत जास्त २० ज्यूलची, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच साध्या बंदुकांचा जोर त्याहूनही कमी. तीस मीटरवर पोचेपर्यंत त्यातलाही बराच हवेत संपतो. नेमाचा सराव नाही. मोटारसायकलच्या उजेडात दिपलेला ससा, घाईत ओढलेला चाप. अशा वेळी छर्रा डोक्यात लागण्यापेक्षा अंगात कुठेतरी लागण्याचीच शक्यता जास्त. ससा झुडपात शिरतो, बॅटरीने पाच मिनिटं शोधायचं आणि "गेला रे" म्हणून घरी यायचं. तो कुठे गेलेला नसतो, करवंदीच्या जाळीत रात्रभर तडफडत असतो. पायात छर्रा घेऊन उडालेला तित्तर दोनतीन दिवसांनी उपाशी मरतो.

म्हणजे बघा, बोअरचा अभ्यास करून पोरं जो प्रश्न विचारतात, त्या प्रश्नाचं बंदुकीच्या नियमांतलं उत्तरही "नको" असंच आहे. कायद्याने जी बंदूक सहज मिळते, ती शिकारीसाठी बेतलेलीच नाही.

आणि माणसांचं काय? हा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. दगडावर आपटून उलटा फिरतो. शे-दोनशे मीटर पलीकडे शेळ्या राखणारी म्हातारी बसलेली असू शकते. जत्रेत फुगे फोडायची बंदूक म्हणून आपण तिच्याकडे बघतो, म्हणून ती खेळणं वाटते. जत्रेत फुग्यांच्या मागे फळी असते. रानात फळी नसते.

शेतकऱ्याचा मुद्दा

आता काहीजण कमेंटमध्ये लिहितील, "एसीत बसून बोलणं सोपं आहे. रानडुकरांनी मका उलथून टाकला, रोह्यांनी हरभरा खाल्ला, वानरांनी आंबा संपवला, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

हा राग शंभर टक्के रास्त आहे. पीक हातचं गेल्यावर पंचनाम्यासाठी हेलपाटे आणि भरपाईसाठी वाट बघणं हे ज्याने भोगलंय, त्याला वन्यजीव संरक्षणाचं प्रवचन देऊ नये. पण दोन गोष्टी वेगळ्या करा.

एक, रानडुकराला छऱ्याची बंदूक काय करणार? साठ-सत्तर किलोचं जनावर, जाड कातडी, खाली चरबी. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा म्हणजे त्याला चिडवण्याचा प्रकार, आणि चिडलेलं डुक्कर काय करतं हे रात्री राखणीला जाणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. या बंदुकीने पिकाचा खरा चोर मरत नाही. मरतो तो ससा, होला, पोपट, जो चोरच नाही किंवा भुरटा आहे.

दुसरी गोष्ट, उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबत कायद्यात कलम ११ आहे. वन खात्याचा अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने कारवाईची परवानगी देऊ शकतो. ती परवानगी वेळेत मिळत नाही, हे दुखणं आहे. मग भांडण तिथे करूया. ग्रामसभेत ठराव करा, आमदाराला विचारा, भरपाईची मुदत पाळली का ते माहितीच्या अधिकारात काढा. ज्या दिवशी बांधावर मारलेल्या सशाचा फोटो बाहेर येतो, त्या दिवशी त्याच शेतकऱ्याची रानडुकराची खरी तक्रार कमजोर होते. समोरचा अधिकारी लगेच म्हणतो, "तुमच्या गावात तर शिकारी आहेत."

आणखी एक. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेकडची माळरानं डोळ्यांसमोर आणा. तिथे लांडगा आहे, कोल्हा आहे, खोकड आहे. ससा, उंदीर, तित्तर यांच्यावर ती जगतात. माळावरचा ससा आपण संपवला तर लांडगा काय खाईल? धनगराच्या वाड्यातलं कोकरू. घुबड आणि ससाणा शेतातले उंदीर खातात, आणि गंमत म्हणून मारले जाणारे पक्षी यांच्यातलेच असतात. संध्याकाळची मजा एकाची, पण मेंढरं जातात दुसऱ्याची.

अरुणाचलने काय केलं

यावर तोडगाच नाही असं नाही. अरुणाचल प्रदेशात घरोघरी एअरगन होत्या आणि पक्ष्यांची शिकार ही तिथल्या जगण्याचा भाग होती. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंगपासून "एअर गन सरेंडर अभियान" सुरू केलं. धाडी घातल्या नाहीत, लोकांना विनंती केली. त्या वर्षाअखेरीस पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला, तोवर दीड हजारांहून जास्त लोकांनी बंदुका स्वतःहून आणून दिल्या होत्या. ज्या समाजात शिकार ही परंपरा होती तिथे हे झालं. आपल्याकडे तर ती बहुतेक ठिकाणी नुसती रिकामपणाची हौस आहे.

नेमाची हौस आहे ना? मग ही घ्या

बंदूक मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. नेम साधणं ही फार मोठी विद्या आहे आणि महाराष्ट्राला त्यात घराणं म्हणावं असा वारसा आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं आठवा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्णपदक एअर रायफलचंच.

आणि १० मीटर एअर रायफलचा बोअर किती असतो? ४.५ मिलिमीटर. तोच, .१७७. तुमच्या माळ्यावर पडलेल्या बंदुकीचा. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवरून तेवढा ठिपका टिपणं कठीण की बॅटरीच्या उजेडात बसलेला ससा टिपणं कठीण, याचं उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावं. मर्दुमकी कुठे आहे तेही कळेल.

आता मागणं

१) छऱ्यांच्या प्रत्येक डबीवर आणि बंदुकीच्या खोक्यावर मराठीत ठळक इशारा हवा. ऑनलाइन विक्रीलाही तोच नियम.

२) विकणाऱ्याने घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि वय नोंदवावं. मोबाईलचं सिमकार्ड घ्यायला ओळखपत्र लागतं, मग बंदुकीला का नको?

३) वन खात्याने गुन्हा घडायची वाट न बघता हिवाळ्याआधी गावोगावी दवंडी द्यावी, शाळा-कॉलेजात जावं. अरुणाचलसारखी बंदूक जमा करण्याची मोहीम निदान माळरानाच्या तालुक्यांत करून बघावी.

४) तालुक्याच्या क्रीडा संकुलात दहा मीटरची साधी रेंज हवी. एक भिंत, चार टार्गेट, एक प्रशिक्षक. पोरांना "नको" म्हणताना "इकडे ये" म्हणायला जागा पाहिजे.

५) पिकाच्या नुकसानीची भरपाई मुदतीत द्यावी. हे झालं नाही तर वरचं सगळं शेतकऱ्याला ढोंग वाटेल, आणि त्याला तसं वाटण्यात काही चूक नाही.

तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करू. कुणी "सशासाठी कुठली घेऊ" म्हणून विचारलं, तर बोअर सांगू नका, कलम सांगा. रात्री बांधावर बॅटऱ्या फिरताना दिसल्या तर वन विभागाच्या "हॅलो फॉरेस्ट" १९२६ या नंबरवर फोन करा. आपल्याच भावकीतलं पोरगं असेल तर फोनच्या आधी त्याच्या बापाशी बोला. एकदा केस झाली की पोलीस भरती, सैन्य भरती, पासपोर्ट सगळीकडे ती आडवी येते, हे त्याला कुणीतरी घरातल्यानेच सांगायला हवं.

पोस्ट पटली तर आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटली तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन.